मळा बघायला पंचवीसच माणसं

शहाण्णव वर्षांच्या आईला गाडीत बसवून वीस मिनिटांवरची एक मोकळी जागा दाखवून आणायची, या कामाला किती वेळ लागावा? लॉर्न टकेटचा अंदाज दीड तासाचा होता. त्यात परतीच्या वाटेवरची कॉफीही धरली होती. लॉर्नने एकतीस वर्षं हार्लो बे नगरपालिकेच्या उद्यान खात्यात काढली होती, त्यामुळे कुठल्या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज बांधण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्याची समजूत होती. सगळा घोळ या समजुतीपासून सुरू झाला.

झालं असं, की रविवारी सकाळी ओटमील खाता खाता आई, म्हणजे इर्मा टकेट, सहज म्हणाली, "तो मळा एकदा बघायचा राहिला."

लॉर्नचा चमचा हवेतच थांबला. मळा म्हणजे तळ्याकाठचा जुना मळा. युद्धाच्या काळात तिथे काय चालायचं ते गावाला माहीत नव्हतं. रात्री-अपरात्री धडाडधूम आवाज यायचे, खिडक्यांची तावदानं हादरायची आणि लोक म्हणायचे, मळ्यावर सुरुंग लावून झाडांचे बुंधे उडवतायत. एवढे बुंधे कुठल्या मळ्यात असतात असं कुणी विचारलं नाही. पुढे साठ वर्षांनी वर्तमानपत्रात छापून आलं की ती हेरांची शाळा होती. शत्रूच्या मुलखात उतरून पूल कसे उडवायचे, खोटं नाव कसं वागवायचं, ते तिथे शिकवत. त्या मळ्यावर आई दोन वर्षं नोकरीला होती. ती बातमी तिने शांतपणे वाचली, कागदाची घडी उलगडून टेबलावर पसरली आणि त्यावर बटाटे सोलले.

"आई, तू तिथे काय करायचीस?" असं लॉर्नने आयुष्यात किती वेळा विचारलं असेल त्याची गणती नाही. उत्तर एकच.

"शिवण."

बस. याच्या पुढे एक अक्षर नाही. आता आठ दिवसांनी, सोमवारी, ती लॉर्नच्या बहिणीच्या गावी, चार तासांवर, वृद्धनिवासात राहायला जाणार होती. इथले जिने तिला झेपत नव्हते आणि निर्णय तिनेच घेतला होता. बाकी सगळं सामान बांधून झालं होतं, ही एक गोष्ट तेवढी लॉर्नच्या मनात मोकळी पडली होती. आपली आई कोण होती, हे तिच्या तोंडून एकदा ऐकावं, एवढंच त्याचं म्हणणं. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचं हे मागणं काही फार नव्हतं.

शिवणाबद्दल मात्र घरात एक जुनं प्रकरण होतं. चार भोकांच्या बटणाला सगळं गाव फुलीचा टाका घालतं. आई दोन सरळ टाके घालायची, शेजारी शेजारी. शाळेत पोरं लॉर्नला विचारायची, "तुझ्या आईला बटण लावता येत नाही का रे?" लग्नानंतर बायकोने, डॉरीनने, त्याच्या कोटाला एक बटण फुलीने लावलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी काही न बोलता ते उसवलं आणि दोन सरळ टाक्यांनी पुन्हा लावलं. डॉरीनने पुन्हा फुली घातली. सासूबाईंनी पुन्हा उसवली. हे शीतयुद्ध १९७९ साली सुरू झालं ते डॉरीनने शिवण सोडून दिल्यावरच थांबलं. तेव्हापासून टकेटांच्या घरातलं प्रत्येक बटण आईच्या हातचं.

तर, शनिवारी जायचं ठरलं. तिघांनीच, गाजावाजा न करता. लॉर्नची चूक एवढीच, की हे त्याने अंगणातली पानं गोळा करताना कुंपणापलीकडच्या गॉर्डला सांगितलं.

गॉर्ड पिकरिल हा शेजारी अत्यंत सज्जन आहे. हिवाळ्यात न सांगता तुमच्या दारातला बर्फ उपसून देतो आणि मग वर्षभर न विचारता सल्ला देतो.

"अशीच नेणार? म्हाताऱ्या बाईला? गुपचूप?" गॉर्डने दाताळं खाली ठेवलं. "लॉर्न, तुझी आई म्हणजे गावाची शान आहे. बेव्हच्या कानावर घालू का?"

आता, हार्लो बेमध्ये समोरच्याला तोंडावर 'नको' म्हणत नाहीत. म्हटलं तर आभाळ कोसळेल असं नाही, पण तसं कुणी कधी करून पाहिलेलं नाही. लॉर्न म्हणाला, "बघू या." गॉर्डने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला, कारण तिथे 'बघू या'चे दोन अर्थ होतात आणि शेजारी नेहमी दुसरा घेतो.

सोमवारी सकाळी आठ वाजता बेव्हचा फोन आला. बेव्ह ऑस्टरहाउस या गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. मंडळात नऊ सभासद आणि सात उपसमित्या आहेत. बारा वर्षांपूर्वी मंडळाने मळ्याच्या जागी, आता जिथे नगरपालिकेचं उद्यान आहे तिथे, एक भला मोठा दगड बसवून त्यावर पितळी पाटी लावली होती.

"मिस्टर टकेट, मोठं काहीच करायचं नाही हं," बेव्ह म्हणाल्या. "चार माणसं. एक छोटंसं भाषण. सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणायचं. तुम्ही त्रास घेऊ नका, फक्त तीस खुर्च्या तेवढ्या बघा."

"चार माणसांना तीस खुर्च्या?"

"असाव्यात."

बुधवारपर्यंत चाराचे सव्वीस झाले. आणि सव्वीस हा आकडा ऐकताच लॉर्न कोट चढवून नगरपालिकेत निघाला. पंचवीसपेक्षा जास्त माणसं उद्यानात जमणार असतील तर अर्ज क्रमांक चौदा भरावा लागतो, तो तीन प्रतींत द्यावा लागतो आणि त्याला कामाचे वीस दिवस लागतात, हे त्याला पाठ होतं. पाठ असायचं कारण, अर्ज क्रमांक चौदा त्यानेच १९९४ साली तयार केला होता. त्याच्या कारकिर्दीतलं ते सर्वात मोठं काम होतं. निवृत्तीच्या केकवर सुद्धा चौदाचा आकडा काढला होता.

नगरपालिकेत खिडकीवर सिमरन नावाची मुलगी होती. नवीनच लागलेली, पण कामाला चोख.

"सॉरी, मिस्टर टकेट. वीस दिवस म्हणजे वीस दिवस," ती म्हणाली. "मी पळवाट शोधून बघितली. एकही नाही. हा नियम ज्याने लिहिलाय ना, त्याने फार डोकं लावलंय."

लॉर्नची छाती अर्धा इंच फुगली. मग परिस्थिती लक्षात येऊन ती पुन्हा खाली बसली.

"म्हणजे एक माणूस कमी करायला हवा."

"तेवढंच."

पण कुणाला कमी करणार? मिसेस पिकरिलचा बटाट्याचा पदार्थ ओव्हनमध्ये जायच्या बेतात होता. बेव्हच्या नणंदेने केस करून घेतले होते. एकालाही 'तुम्ही येऊ नका' म्हणणं शक्य नव्हतं. लॉर्नने मनातल्या मनात यादी तीनदा तपासली आणि शेवटी या निष्कर्षाला आला, की विनासंकोच वगळता येईल असा एकच माणूस आहे आणि तो म्हणजे आपण स्वतः. तेवढ्यात सिमरनला नियमाच्या शेवटी एक ओळ सापडली. ते कुत्र्यांना मोकळं सोडायचं उद्यान असल्यामुळे, कुत्रा घेऊन आलेला माणूस जमावात मोजत नाहीत.

ही ओळ लॉर्नला आठवत सुद्धा नव्हती. मागून कुणीतरी घुसडली असणार.

"झालं की मग!" हे कळल्यावर गॉर्ड कुंपणावरून म्हणाला. "मी मेहुण्याचा कुत्रा आणतो." गॉर्डने ही युक्ती आणखी आठ जणांना सांगितली. त्या आठांनी आपापल्या पाहुण्यांना आमंत्रणं दिली, कारण आता मोजणीचा प्रश्नच उरला नव्हता.

इकडे घरी दुसरंच निघालं. बेव्ह आणणार असलेल्या माइकचा विषय निघताच आई म्हणाली, "मी बोलणार नाही. मी सही केलीय."

"कसली सही?"

"कुणाला काही सांगणार नाही म्हणून."

"आई, ती पंचाहत्तर वर्षांपूर्वी!"

"सही म्हणजे सही. सांगा म्हणून कागद आला तर सांगेन." असं म्हणून ती मटार सोलायला लागली.

आता कागद म्हटलं की लॉर्नला हुरूप येतो. गुरुवारी त्याने राजधानीत फोन लावला. सव्वा तास सनईसारखं कुठलंसं वाद्य ऐकलं. चार खात्यांत फिरून झाल्यावर एक मृदू आवाजाचे गृहस्थ भेटले.

"तुमच्या आईंना शपथेतून मोकळं करायला आमची काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त त्यांनी शपथ घेतल्याची नोंद हवी."

"मग बघा ना नोंद."

"सॉरी, नोंदी युद्धानंतर जाळल्या."

"म्हणजे शपथ नाहीच, असं धरायचं?"

"तसं मी म्हणू शकत नाही."

"आहे असं?"

"तसंही नाही. सॉरी."

"नाही नाही, मीच सॉरी," लॉर्न म्हणाला. यानंतर दोघांनी एकमेकांची आणखी पाच-सहा वेळा माफी मागितली आणि फोन ठेवला. लॉर्नने डोकं टेबलावर टेकलं. उभ्या आयुष्यात त्याने लोकांना असंच बोलून परत पाठवलं होतं, आणि हे ऐकणाऱ्याला इतकं दमायला होतं याची त्याला कल्पना नव्हती.

"आला कागद?" आईने आतून विचारलं.

"नाही."

"मग?" आई म्हणाली.

शनिवारी वारा सुटला. तळ्यावरून येणारा, सप्टेंबरचा, कानात शिरणारा. एका बाजूला मालगुदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये गवत आणि त्यात इतिहास मंडळाचा दगड. लॉर्नने तीस खुर्च्या उतरवल्या. वाऱ्याने त्यांतल्या अकरा आडव्या केल्या, त्या पुन्हा उभ्या केल्या. माणसं येत गेली. बटर टार्ट आले, अंड्याची सँडविचं आली, मिसेस पिकरिलचा बटाटा आला. चौतीस माणसं आणि नऊ कुत्रे. नवांपैकी सात उसने, त्यामुळे ते कुणाचंच ऐकत नव्हते. गॉर्डच्या मेहुण्याचा कुत्रा वासराएवढा होता.

आई चाकाच्या खुर्चीत, चौकड्यांच्या शालीत गुंडाळून बसली होती. तिने दगडाकडे पाहिलं. मग मालगुदामाकडे, मग पाण्याकडे. लॉर्न तिच्या चेहऱ्यावर डोळे लावून उभा होता. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"याच पवित्र भूमीवर," बेव्ह म्हणाल्या, आणि पुढची अकरा मिनिटं थांबल्या नाहीत. मग त्यांनी माइक आईपुढे धरला. "इर्माआजी, इतक्या वर्षांनी इथे आल्यावर काय वाटतं?"

आईने थोडा विचार केला. "वारा आहे," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि इथे नेमकं काय काय शिकवायचे?"

"ते सांगता येणार नाही."

याला तर दुप्पट टाळ्या पडल्या. बेव्हच्या नणंदेने डोळे पुसले. लॉर्नच्या मनात आलं, आपल्याला तिने आजवर वेगळं काय सांगितलं होतं? आता जमलेल्या सगळ्यांनाही तेच कळलं, एवढाच फरक. तो एकाएकी फार थकला.

थकायला सवड मात्र मिळाली नाही. वासराएवढ्या कुत्र्याला अंड्याच्या सँडविचांचा शोध लागला. तो निघाला, गॉर्डच्या हातातून पट्टा सुटला, पट्ट्याचा वेढा लॉर्नच्या पायांना बसला आणि लॉर्न सँडविचांच्या दिशेने, इच्छा नसताना, बऱ्याच वेगाने गेला. टेबल आडवं झालं. पट्टा कोटाला अडकून मधलं बटण तुटलं. लॉर्न बटाट्यात गुडघे टेकून उठायला लागला तेव्हा त्याला समोर चकचकीत काळे बूट दिसले.

नगरपालिकेचा निरीक्षक होता. तो मोजत होता. "कुत्रे नऊ. माणसं चौतीस," तो म्हणाला. "नऊ वजा करून पंचवीस. बरोबर आहे. पण त्या बाईंचा कुत्रा आत्ता कुठे आहे?" बेव्हच्या नणंदेचा कुत्रा तेवढ्यात पळून गेला होता. "म्हणजे सव्वीस. आयोजक कोण?"

जमलेल्या सगळ्यांनी, अत्यंत दिलगिरीने, लॉर्नकडे बोट दाखवलं.

"टकेट?" निरीक्षकाने नाव लिहिता लिहिता वर पाहिलं. "अर्ज क्रमांक चौदावाले टकेट? आम्हाला प्रशिक्षणात तुमचा नियम शिकवला! फार मानतो मी तुम्हाला." असं म्हणून त्याने लॉर्नचा हात प्रेमाने दाबला आणि ताकीदपत्रावर तीन प्रतींत सही घेतली. लॉर्नच्या गुडघ्याला अजून बटाटा चिकटलेला होता.

"लॉर्न," आई मागून म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

डॉरीन आवराआवर करायला मागे थांबली. लॉर्नने आईला गाडीत बसवलं.

"घरी जाऊ या?"

"घर लांब आहे. सरळ घे." तो सरळ गेला. "आता डावीकडे." तो वळला. "पुढे. अजून पुढे. हां, इथे."

रस्त्याकडेला डोनटचं दुकान होतं. लॉर्न दाराशी थांबायला लागला.

"मागे घे. त्या झाडांपाशी."

दुकानाच्या मागे कचऱ्याचे दोन मोठे डबे होते. त्यांच्यापलीकडे लायलॅकच्या जुन्या झुडपांची एक सरळ रांग आणि गवतात काँक्रीटचा एक फुटका पट्टा. कधीकाळी घराचं जोतं असावं तसा. त्यापलीकडे उतार, आणि उताराच्या टोकाशी तळं.

लॉर्नने गाडी बंद केली. आई उतरली नाही. बाथरूमचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ती काचेतून समोर बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लॉर्नच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. दगड इथून एक मैलभर पश्चिमेला होता.

"आई," तो म्हणाला, "तो दगड चुकीच्या जागी आहे ना?"

"दगड चांगला आहे."

"बारा वर्षं झाली तो बसवून. तू बोलली नाहीस!"

"कसं बोलणार? मी आत्ताही काही बोललेली नाही. मी बाथरूम विचारलं." तिने हात पुढे केला. "कोट काढ. बटण कुठाय?"

बटण खिशात होतं. आईने पर्समधून पेपरमिंटची चपटी डबी काढली. त्यात सुई-दोरा. शहाण्णव वर्षांच्या हातांनी तिने तिसऱ्या प्रयत्नात दोरा ओवला. लॉर्न मदतीला सरसावला तर तिने त्याचा हात बाजूला सारला. आणि मग लायलॅकच्या रांगेसमोर बसून ती बटण लावायला लागली. एक सरळ टाका. शेजारी दुसरा सरळ टाका.

लॉर्न दमला होता. कागद मिळाला नव्हता, सगळ्या गावापुढे तो बटाट्यात पडला होता, परवा आई जाणार होती. मोठा प्रश्न विचारायची ताकदच राहिली नव्हती, म्हणून त्याने लहान विचारला.

"सगळे फुली घालतात. तू अशीच का लावतेस गं?"

आईची सुई थांबली. "हे शिवणाबद्दल विचारतोयस?"

"हो. नुसतं शिवणाबद्दल."

"सहीच्या कागदावर शिवणाचं नाव नव्हतं," आई स्वतःशी म्हणाल्यासारखी म्हणाली. एकतीस वर्षं अर्ज तपासलेल्या लॉर्नला अशी पळवाट मान्य करावीच लागली.

"तिकडे, समुद्रापलीकडे, अशीच लावतात," ती म्हणाली. "कोट तिकडचा, बूट तिकडचे, आणि बटणाला फुली दिसली, की मुलगा पकडला गेला. एवढ्यावरून. म्हणून इथे आमच्या टेबलावर प्रत्येक बटण दोनदा तपासायचे."

श्वासाचा आवाज होऊ नये असं लॉर्नला वाटत होतं.

"तुझ्याएवढी नव्हती ती," आई म्हणाली. "विशीतली पोरं. माप घेताना चेष्टा करायची. नावं खोटी सांगायची, मी तीच खरी धरायची. गेली सगळी." तिने दोरा ओढून घट्ट केला. "एवढे कोट शिवले मी. एकही परत दुरुस्तीला आला नाही."

दुकानातून कुणीतरी कचऱ्याची पिशवी घेऊन आलं, डब्यात टाकून गेलं.

"मग तू झालास. तू शाळेतून रोज बटण तोडून यायचास. डॉरीन चिडायची पुढे, मला कळायचं. पण फुली घालून तुला घराबाहेर सोडायचा मला धीर झाला नाही." तिने दोरा दातांनी तोडला आणि कोट त्याच्या मांडीवर ठेवला. "तू रोज परत यायचास."

लॉर्नच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने रुमाल शोधला, त्यालाही बटाटा लागला होता.

"कागद आलेला नाही," आईने आठवण करून दिली. "मी काही सांगितलेलं नाही."

"नाही, आई. काहीच नाही."

घरी पोचले तेव्हा गॉर्ड कुंपणापाशीच उभा होता. बाजूला कुत्रा, अंडं खाऊन सुस्त पडलेला.

"सॉरी रे, लॉर्न. फार सॉरी," गॉर्ड म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "पण गाडीत काही बोलली का? तुला तरी? मळ्यावर काय करायची ती?"

लॉर्नने कोट अंगात घातला आणि मधलं बटण नीट लावलं.

"वारा आहे म्हणाली," तो म्हणाला.